दुसरा अंगठा

महाल, नागपूर
१० सप्टेंबर १९७१

अनसूयावहिनीस इंदूचा नमस्कार.

नणंदेला एवढ्या वर्षांनी आपली आठवण कशी झाली, असं तुला वाटेल. पत्र कोणाकडून तरी वाचून घेशीलच, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा श्रीकांत माघात गेला. कावीळ झाली आणि बारा दिवसांत सगळं संपलं. तुमच्याच जबलपूरच्या फॅक्टरीत तो तीन वर्षं नोकरीला होता. मामीकडे जाऊ नकोस असं मीच त्याला बजावलं होतं. आता खोटं बोलून काय मिळवायचं? अजून पोस्टमनची घंटा वाजली की त्याचंच कार्ड असेल असं वाटून मी उठते.

त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला, विनीताला, घेतलं आहे. लढाईचं वातावरण, त्यामुळे बारा-बारा तासांची ड्यूटी. सकाळी सातला जाते ती संध्याकाळी सातला येते. घरात माझा नातू मोहन, अवघा दोन वर्षांचा. तिला आई नाही. वडील सिवनीला, दुसऱ्या संसारात. मी म्हटलं, नोकरी सोड आणि नागपूरला ये. ती येत नाही. मुलाला पाठव म्हटलं, तर पाठवतही नाही.

तू घमापुरात लोकांच्या घरी जाऊन त्यांची मुलं सांभाळतेस, असं तिकडून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं. विनीताची खोली तुझ्यापासून जवळच आहे, कांचघरला. परक्यांची मुलं सांभाळतेस, तर घरचं मूल आधी सांभाळावंस. मागचं मागे टाक. रक्ताचं नातं आहे.

इंदू


घमापुर, जबलपूर
१७ सप्टेंबर १९७१

वन्संना अनसूयेचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे किती, ते कंबर देईल तेवढंच.

हे पत्र लिहून राहिले आमचे शेजारी नीलकंठराव, रेल्वेतून रिटायर झालेले. मी म्हटलं, मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका. तर म्हणतात, "काकू, असं कोणी लिहितं का?" म्हटलं, तुम्ही लिहा. मग लिहून राहिले, नाक मुरडून.

श्रीकांतचं ऐकलं, वाईट वाटलं. पोरगा गावात तीन वर्षं होता आणि मला माहीतही नाही. तुमची शिस्तच तशी. तुम्ही नको म्हटलं की हवासुद्धा दारातून परत जाते.

मोहनला सांभाळीन. नाही म्हणायला मला काही नाही. सत्तावीस वर्षं झाली, दुसऱ्यांच्या घरी जाऊन लेकरं सांभाळून राहिली. फॅक्टरीतले, रेल्वेतले, सगळ्यांचे. ज्यांची सासू गावाला, आई वरती आणि शेजारीण बहिरी, ते सगळे माझ्याकडे येतात. माझ्या हातून दूधभात खाल्लेला एक जण आता फोरमन आहे. रस्त्यात सायकलवरून उतरून पाया पडतो आणि "आजी" म्हणतो. मला आजी म्हणणारे पुष्कळ आहेत वन्सं. आई म्हणणारा एकच होता, तो तुमच्याकडे आहे.

मुरलीधर बरा आहे ना? लग्नाची पत्रिका मिळाली होती, लग्न होऊन गेल्यावर. टपालाचा दोष असेल. त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या मुंजीत. आठ वर्षांचा, घेरा ठेवलेला. मातृभोजनाला तुमच्या मांडीशी बसून तुमच्या ताटात जेवला आणि मी वाकून तुम्हां दोघांना तूप वाढून राहिली. निघताना म्हणाला, "मामी, येतो." शहाणं पोर, जे शिकवलं ते बोलला.

तुम्ही लिहिता, मागचं मागे टाक. टाकलं असतं, पण मागे वळून बघायची सवय लागली. उद्यापासून कांचघरला जाते.

अनसूया


महाल, नागपूर
१ ऑक्टोबर १९७१

वहिनी,

तू जायला लागलीस, जिवाला बरं वाटलं. टोमणे मारायची खोड तुझी गेली नाही, पण ते मी मनावर घेत नाही.

आता जे लिहिते ते तुझ्या-माझ्यात राहू दे. मुरली आणि पुष्पाच्या लग्नाला सात वर्षं झाली, त्यांना मूल नाही. मोहन इथं आला तर घर भरेल. विनीता तरुण आहे. आज ना उद्या ती दुसरा विचार करेल, तेव्हा या लेकराला कोण? मला तिचा भरवसा नाही. माझा मुलगा चार वर्षं त्या बाईबरोबर राहिला आणि बारा दिवसांत गेला. वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर? हे मी कोणाला बोलले नाही, तुलाच लिहिते आहे.

तू डोळे उघडे ठेव. ती कोणाशी बोलते, घरी कोण येतं, मुलाकडे कधी दुर्लक्ष करते, सगळं मला कळव. शेजारणीकडून असं कानावर आलं आहे की ती मुलाला खाटेला बांधून कामावर जायची. तुला काही दिसलं का?

पत्र वाचून झालं की लगेच फाडून टाक.

इंदू


घमापुर, जबलपूर
९ ऑक्टोबर १९७१

वन्सं,

पत्र मिळालं. वाचूनही झालं, म्हणजे ऐकून झालं. फाडायचं मात्र राहून गेलं.

अक्षर बदललेलं दिसेल. नीलकंठरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चपलेच्या आवाजावरून ओळखतात. चुकीचंच ओळखतात. त्यामुळे मी दुसरं माणूस शोधलं. बाई आहे, गरजवंत आहे, अक्षर मोत्यासारखं. तोंड शिवल्यासारखं बंद. आता हे सांगताना तिचा हात जरा थांबला. म्हटलं, "लिही बाई, मी बोलते तेच लिही. रडायचं ते पाकीट बंद केल्यावर." कोणाला काय दुःख असतं, आपल्याला काय माहीत.

मोहनचं सांगते. पोरगा खोडकर आहे. कान श्रीकांतसारखे असतील, तुम्हाला माहीत. भोंगा झाला की "आई गेली" म्हणतो आणि संध्याकाळचा भोंगा झाला की "आई आली" म्हणून दाराशी उभा राहतो. मधले बारा तास माझे. मला चिंचोके खेळायला शिकवतो आणि स्वतःच जिंकतो.

विनीताच्या घरी कोण येतं म्हणता? दूधवाला येतो. एक लंगडी मांजर येते. एकदा कोळशाचा हातगाडीवाला आला होता, मिशी होती त्याला. आणखी काही दिसलं तर कळवीन.

बांधण्याचं विचारलं. मी जाते तेव्हा तो मोकळा असतो. मी बांधलेलं पाहिलं नाही.

तुम्हाला लेकरू बांधलेलं फार लागतं वन्सं, नाही का? माझा मुरलीही तुम्ही बांधलेलाच पाहिला होता.

अनसूया


महाल, नागपूर
२६ ऑक्टोबर १९७१

वहिनी,

दिवाळी कशीबशी झाली. घरात दिवा लावायला मन धजत नव्हतं.

तुझं जुनं रडगाणं पुरे. हो, पाहिलं होतं. चव्वेचाळीस साली दादा गेल्यावर मी आणि आमचे हे, भय्यासाहेब, तुझ्याकडे आलो, तेव्हा दाराला बाहेरून कडी आणि आत दोन वर्षांचा मुलगा लुगड्यानं खाटेच्या पायाला बांधलेला. तू कोणा ओव्हरटाइमवाल्यांच्या पोळ्या लाटायला गेली होतीस. माझ्या भावाचं लेकरू जनावरासारखं! माझ्या जागी कोणीही असतं तरी त्याला उचलून नेलं असतं. आज तो सरकारी ऑफिसात आहे, चार माणसांत त्याला मान आहे. तुझ्याकडे राहून काय झालं असतं?

आता मुद्द्याचं. एका वकिलांना भेटले. ते म्हणतात, मुलाची हेळसांड होते असं कोणी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं लिहून दिलं, तर आजीचा हक्क कोर्ट ऐकेल. कागद आम्ही तयार करतो. "विनीता मुलाला बांधून ठेवून कामावर जाते, हे मी स्वतः पाहिलं", एवढंच. तुला लिहायचं काही नाही. तू फक्त अंगठा दे. मुरली कागद घेऊन येईल, आणि मोहनला बरोबर घेऊनच परत येईल.

अंगठा तर तू पूर्वीही दिला होतास. त्यात काही अवघड नाही.

इंदू


घमापुर, जबलपूर
५ नोव्हेंबर १९७१

वन्सं,

अंगठा आहे, कुठे जातो? अजून हाताला चिकटलेलाच आहे. मुरली स्वतः येणार म्हणता, तर नाही कसं म्हणू?

पण एक अडचण आहे. माझी बुद्धी आता म्हातारी झाली. पहिला अंगठा मी काहून दिला, तेच आठवून नाही राहिलं. मला आठवतं ते असं, की भय्यासाहेबांनी कागद आणला आणि तुम्ही म्हटलं, "वहिनी, रेशनचं कार्ड निघून राहिलं, त्याच्यावर अंगठा लागतो, नाहीतर गहू-साखर मिळणार नाही." मी पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि दिला. मग पंधरा दिवसांनी तुम्ही मुरलीला नागपूरला नेलं, हवापालटाला म्हणून. मग मी त्याला आणायला आली, तर भय्यासाहेबांनी तोच कागद दाखवला आणि म्हणाले, "तू दत्तक दिलंस. हा बघ तुझा अंगठा." बघितला मी. माझाच होता. पिठाचा डागसुद्धा होता.

पण नीलकंठराव म्हणतात, काकू, शिकली-सवरलेली माणसं असं करत नाहीत, तुम्हीच खुशीनं दिलं असेल आणि विसरल्या असाल. खरं असेल. मुरलीलाही तुम्ही तेच सांगितलं असेल ना?

मला मरण्याआधी एवढं समजून घ्यायचं आहे. दिलं असेल तर दिलं म्हणा. फसवलं असेल तर फसवलं म्हणा. मी भांडणार नाही, भांडायला दात लागतात. पण साफ लिहून पाठवा. ते कानानं ऐकल्याशिवाय हा अंगठा शाईत बुडणार नाही. म्हातारीची लहर म्हणा.

मोहनला सर्दी झाली होती, आता बरी आहे. वेखंड लावलं.

अनसूया


महाल, नागपूर
१६ नोव्हेंबर १९७१

वहिनी,

तुझा हट्ट तेव्हाही असाच होता. वकील घाई करताहेत आणि तू सत्तावीस वर्षांपूर्वीचं उकरत बसलीस. ठीक आहे. तुला हवं ते लिहिते. तुझी ती लिहिणारी बाई काय, तिची माझी ना ओळख ना पाळख.

हो. रेशनचा कागद म्हणूनच तुला सांगितलं. भय्यासाहेब म्हणाले, खरं सांगितलं तर ती देणार नाही. मला तेव्हा नऊ वर्षं मूल नव्हतं. देवळातल्या बायका माझ्या हातचं हळदीकुंकू घ्यायला कचरत. त्या खोलीत मी मुरलीच्या पायाची गाठ सोडली आणि त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली. त्या मिठीतून मी उठू शकले नाही, एवढंच तुला सांगते. पुढे दोन वर्षांनी मला श्रीकांत झाला. तेव्हा मुरलीला परत द्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण तोवर तो मला आई म्हणत होता.

त्याला आम्ही सांगितलं की तुझ्या मामीनं तुला आपणहून दिलं, तिला तू जड झाला होतास. त्याला हेच ठाऊक आहे आणि हेच ठाऊक राहू दे. त्यातच सगळ्यांचं सुख आहे.

झालं तुझं समाधान? आता अंगठा दे. आणि हे पत्र मात्र नक्की फाड.

इंदू


महाल, नागपूर
७ डिसेंबर १९७१
(कार्ड)

वहिनी, लढाई सुरू झाली. गाड्यांचा भरवसा नाही, तरी मुरली रविवारी निघतो. कागद त्याच्याजवळ आहे, शाईचा पॅडही दिला आहे. विनीताला आधी काही बोलू नकोस. मोहनचे गरम कपडे बांधून ठेव. इंदू


कांचघर, जबलपूर
२२ डिसेंबर १९७१

इंदू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? ओळखून हातातच धरून उभी असशील. आधी बस. पाटावर बस, खुर्चीवरून पडशील.

हो, त्याचंच आहे. मी सांगून राहिली आणि मुरलीधर लिहून राहिला. आणि आजपासून मी तुला "तू" म्हणते. वयानं तू माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. नणंद म्हणून "वन्सं, वन्सं" करत जन्म गेला, आता पुरे.

तू शिकलेली. पोथी वाचतेस, पेपर वाचतेस. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. जिला अक्षर येत नाही, तिचं पत्र ती एकटी वाचत नाही. दर वेळी लिहीत होतीस, "तुझ्या-माझ्यात राहू दे, वाचून झालं की फाड." काहून? वाचणार कोण होतं? मी?

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तुझं ते पहिलं गुपिताचं पत्र आलं. नीलकंठराव डोळे बांधून बसलेले. मी ते तसंच कांचघरला आणलं आणि संध्याकाळी विनीता आल्यावर म्हटलं, "पोरी, एवढं वाचून दे, तुझ्या सासूचं आहे." आत काय आहे हे मला काय माहीत? ती वाचायला लागली. "मला तिचा भरवसा नाही" इथं आली. थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचलं. "वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर" तेही वाचलं. एक शब्द गाळला नाही. मला म्हणाली, "आजी, हे तुम्ही खरं मानता?" मी म्हटलं, "मी तिच्या शब्दावर एकदा विश्वास ठेवला होता, त्याची किंमत अजून संपली नाही. आता तू लिही, मी सांगते." तेव्हापासून माझी सगळी पत्रं तुझ्या सुनेनं लिहिली, आणि तुझी सगळी तिनंच वाचली. मोत्यासारखं अक्षर आहे म्हटलं होतं ना? तुझ्या मुलाची बायको चार वर्षं तुझ्या घरची होती, तिचं अक्षर तुला माहीत नाही. घरी पत्र श्रीकांतनंच लिहावं, सुनेनं नाही, असा तुझाच नियम होता म्हणे.

आणखी एक सांगते, तेव्हा लपवलं होतं. पहिल्या दिवशी मी इथं आली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. आत मोहन, साडीनं खाटेच्या पायाला बांधलेला. बाजूला वाटीत लाह्या. शेजारीण तासातासानं डोकावून जायची. रडून रडून तो झोपला होता. मी दारातच बसली, इंदू. मग गाठ सोडली. तुझ्यासारखीच मी सोडली आणि माझ्याही गळ्याला मिठी मारली त्यानं. फरक इतकाच की संध्याकाळी मी त्याला त्याच्या आईच्या हातात दिलं.

म्हणजे तुझा कागद खरा होता. मी तेव्हाच अंगठा दिला असता तर लेकरू आज तुझ्याकडे असतं. हे विनीताला माहीत होतं. तरी मी सांगितलेलं एक अक्षर न बदलता लिहून राहिली होती.

आता मुरलीचं. हे तो लिहिणार नाही म्हणत होता. मी म्हटलं, "मी बोलते तेच लिही, नीलकंठरावांसारखं करू नको."

गाडी फौजेच्या गाड्यांना वाट देत देत सोमवारी दुपारी पोहोचली. विनीता कामावर होती. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, म्हणून खोलीत अंधार. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामी, मी मुरलीधर." मी म्हटलं, "ये रे. चप्पल बाहेर ठेव, मांजर नेत नाही." एकोणतीस वर्षांचा झाला आणि चालतो अजून यांच्यासारखा, एक खांदा खाली टाकून. तुझ्या घरात इतकी वर्षं राहून तेवढं काही तू बदलू शकली नाहीस.

त्यानं कागद काढला, पॅड काढला. म्हणाला, "इथं अंगठा लागतो, मामी." बिचारा नजर वर करत नव्हता. मी म्हटलं, "देते की. पण आधी माझं एक काम कर. तुझ्या आईचं एक पत्र आलं आहे. पुन्हा ऐकायचं आहे. मला अक्षर येत नाही, तू वाचून दाखव."

सोळा तारखेचं दिलं.

तो मोठ्यानं वाचायला लागला. आवाज छान आहे त्याचा. "हो. रेशनचा कागद म्हणूनच तुला सांगितलं" इथं आला आणि कागद मांडीवर ठेवला. मी चणे निवडून राहिली होती. म्हटलं, "पुढे वाच. विनीतानं एक शब्द गाळला नाही, तू काहून थांबला?" मग वाचलं. "तिला तू जड झाला होतास" हे दोनदा वाचलं. तरी मी म्हटलं, "शेवटचं राहिलं." त्यानं वाचलं, "हे पत्र मात्र नक्की फाड."

म्हणाला, "फाडायचं का?"

मी म्हटलं, "तुझं आहे. तुझ्या नावानंच मागवलं होतं मी ते."

इंदू, तुला वाटलं म्हातारीला चळ लागला. मला सगळं आठवत होतं. त्या दिवशी परातीत किती कणीक होती तेही सांगते. मला तुझ्याकडून जाणून काही घ्यायचं नव्हतं. मला ते तुझ्या अक्षरात हवं होतं. माझ्या तोंडचं कोण ऐकतं? अंगठाछाप बाई, पोर विकलेली. तुझं अक्षर मात्र तो ओळखतो. शाळेत घरच्या अभ्यासावर तूच सही करायचीस ना?

आम्ही असे बसलो होतो आणि इकडे मोहन गुपचूप कामाला लागला होता. शाईच्या पॅडमध्ये हात बुचकळला आणि तुझ्या वकिलाच्या कागदावर, जिथं माझा अंगठा लागायचा तिथं आणि त्याच्या वरती, खाली, सगळीकडे ठसे उमटवले. मग मुरलीच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मुरली हसायला लागला आणि हसता हसता असा रडायला लागला की लेकरू घाबरून माझ्या मागे लपलं.

तो कागद सोबत पाठवते आहे. तुला अंगठा हवा होता, आहे त्याच्यावर. नीट बघ, जरा छोटा आहे.

कोर्टात जाणार असशील तर जा. तुझी चारही पत्रं आणि ते कार्ड नीलकंठरावांच्या ट्रंकेत आहे, कुलूप लावून. त्यांचे डोळे आता छान झाले, चष्म्यानं सगळं वाचतात. मोठ्यानं वाचायचा सराव करून राहिले.

मुरलीला मी ठेवून घेत नाही. तुला तीच भीती असेल. तो म्हणाला, "मी इथंच राहतो." मी म्हटलं, "नाही. पुष्पा तिकडे आहे, नोकरी तिकडे आहे. तू जा." उद्याच्या गाडीनं परत पाठवते आहे. तुझ्याच घरी राहील. तुझ्याच हातचा चहा घेईल, तुझं औषध आणून देईल, आणि रोज सकाळी तुझ्याकडे बघेल. तुला आई म्हणेल की नाही, ते मी विचारलं नाही. तू मात्र दर वेळी हाक ऐकायला कान लावून बसशील. सत्तावीस वर्षं मी विचार केला तुला काय शिक्षा द्यावी. याच्याहून चांगली सुचली नाही.

संक्रांतीला तो पुष्पाला घेऊन इकडे येतो म्हणतो. मोहन कोणाचा आहे ते तिनंही बघावं. विनीताला भाऊ नव्हता, आता दीर आहे. मला तिनं सांगितलं, लढाई संपली तरी ड्यूटी कमी होणार नाही. म्हटलं, नको होऊ दे, मी आहे.

पत्राच्या वरच्या ओळीत एक शब्द खोडलेला दिसेल. मी सांगायच्या आधीच त्यानं सवयीनं "मामी सांगतात की" असं लिहून टाकलं होतं. मी बघितलंही नाही, मला काय समजतं? त्यानंच खोडलं आणि त्यानंच मला सांगितलं. दुसरा शब्द लिहिला की नाही, ते तू वाच. तुला अक्षर येतं.

आणि हो. त्या दिवशी दुपारी ताट एकच निघालं, बाकीची घासायला पडली होती. मोहन माझ्या मांडीवर, मुरली समोर. वरण-भात होता, चण्याची उसळ होती. तो माझ्याच ताटात जेवला, एकवीस वर्षांनी. सगळं झालं, फक्त भातावर तूप घ्यायचं राहिलं.

वाढायला तू नव्हतीस.

अनसूया